बेनूकाकांचं स्पेअर इंजिन

बेनूकाका वरसोलकरांना दोन वस्तूंतली एक निवडायला सांगणं म्हणजे त्यांचा छळ मांडणं होतं. बाजारात वांग्यांच्या ढिगासमोर उभे राहिले की डाव्या हातात एक वांगं, उजव्या हातात एक, आणि मान एकदा इकडे, एकदा तिकडे. मागे बायकांची रांग खोळंबलेली. भाजीवाला ओरडायला लागला की काका त्याला म्हणायचे, "रेगा, रेगा." म्हणजे, जरा थांब. हिब्रूतला एवढा एकच शब्द त्यांच्या तोंडात पक्का बसला होता आणि त्यांचं बहुतेक काम त्यावर भागायचं. शेवटी रिकामी पिशवी घेऊन घरी यायचे आणि बायकोला सांगायचे, "दोन्ही बरी होती गो." मग मिल्काकाकू पदर खोचून स्वतः बाजारात जायच्या.

तेव्हा आम्ही इस्रायलमध्ये त्वेर्याला राहत होतो, किनेरेत सरोवराच्या पश्चिम काठावर. गाव पाण्याशी आणि आमचं ‘शिकून’, म्हणजे नव्या लोकांसाठी सरकारने बांधलेली घरं, वर टेकडीच्या उतारावर. आमच्या आणि वरसोलकरांच्या घरात एकच भिंत होती, तीही अशी की पलीकडे काकूंनी लसूण ठेचली की आमच्या मांडणीतल्या वाट्या वाजायच्या. माझं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, मुलगी तान्ही होती, आणि मी इंग्रजी चार यत्ता जास्त शिकलेली. त्यामुळे काका मला शहाणी समजत. "रिबका, तू सांग गो," म्हणून दाराशी यायचे. मी सांगायचे. मग दोन दारं सोडून तिसऱ्याला विचारायचे आणि तो नेमकं उलटं सांगायचा. काकांना दोघांचंही पटायचं. मला मात्र याचा मनस्वी राग यायचा.

मुंबईत ते ट्रामचे कंडक्टर होते. त्या नोकरीबद्दल बोलताना त्यांचा चेहरा निवळायचा. "रूळ टाकलेले असतात," ते म्हणायचे. "जायचं कुठे हा सवालच नाही. थांबायचं आणि निघायचं, दोनच कामं. त्या घंटेची दोरी आपल्या हातात." ती दोरी त्यांच्या हातातून सुटली नव्हती. कुठल्याही कामाला निघायचं झालं, अगदी घराबाहेर पाय टाकायचा झाला, तरी त्यांचा उजवा हात आपोआप वर जायचा आणि हवेत दोनदा ओढ द्यायचा. नवीन माणसाला वाटायचं, हे वर देवाला खूण करताहेत.

असा माणूस मासेमारीत कसा पडला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांनाही येत नसे. आधी त्यांना दगडाच्या खाणीवर काम मिळालं होतं. तिथे त्यांची पाठ गेली आणि तिथेच त्यांना नेसीम भेटला. नेसीम त्रिपोलीचा, पिंपासारखा गडी, कामापुरतं बोलणारा. त्याच्याकडे एक लाकडी नाव होती आणि तिच्यात अर्धा वाटा घेणारा माणूस त्याला हवा होता. त्याने काकांना विचारलं. काका म्हणाले, रेगा. ते विचार करत राहिले आणि नेसीमने तेवढ्यात त्यांच्या नावाने जाळी विकत घेतली. पण दोघांचं जमलं. काका हिब्रूत चाचपडत, नेसीमला मराठीचा गंध नाही, तरी पहाटे दोघं नावेत बसले की तासन्‌तास त्यांच्यात काहीतरी चाललेलं असायचं. काय ते देव जाणे.

सगळा घोळ सुरू झाला बासष्टच्या उन्हाळ्यात. त्या पाण्याची एक वाईट खोड आहे. उन्हाळ्यात दुपार झाली की पश्चिमेकडून वारा सुटतो आणि जे काही तरंगत असेल ते पूर्वेकडे लोटत नेतो. मासा जास्त मिळायचा तो उत्तरेच्या अंगाला, आणि तिथला पूर्वेचा काठ सिरियाच्या बंदुकांखाली. अशाच एका दुपारी जाळी ओढताना नावेचं डिझेल इंजिन बंद पडलं. दोघांनी वल्ही मारून मारून हाताची सालं काढली. नाव पुढे जाईना, फक्त मागे जायची कमी झाली. पोलिसांची लाँच फिरता फिरता तिकडे आली म्हणून वाचले. काका घरी आले तेव्हा त्यांना चहाचा कप धरता येत नव्हता.

काकू रडल्या नाहीत. त्यांनी कप स्वतः त्यांच्या ओठाला लावला, चहा संपू दिला आणि मग म्हणाल्या, "नावेला मागे दुसरं इंजिन लागेपर्यंत तुमचा पाय नावेत पडायचा नाही. पडला तर या घरात पडायचा नाही."

म्हणजे आता इंजिन निवडणं आलं. नेसीमने सांगून टाकलं, की पैसे निम्मे मी देतो, पण इंजिनांचे कागद इंग्रजीत असतात, मला ते वाचता येत नाहीत, दुकानात तू जा.

मागच्या फळीला बाहेरून अडकवायची छोटी पेट्रोलची मोटर मिळते, हे शोधायलाच त्यांना महिना लागला. ती कळल्यावर काकांची झोप उडाली. त्यांनी सगळ्या गावाला विचारलं. न्हाव्याने सांगितलं, मोठी घ्या, वाऱ्याशी झगडायचंय. औषधवाल्याने सांगितलं, छोटी घ्या, कधीतरीच लागणार, उगाच वजन कशाला वाहायचं. काका माझ्याकडे आले आणि खुर्चीच्या टोकावर बसले.

"रिबका, मला एक समजव. स्पेअर इंजिन चांगलं असलं तर मग तेच का नाही वापरायचं? पहिलं काढून टाकू. आणि चांगलं नसलं तर घ्यायचं कशाला?"

मी म्हटलं, "काका, पहिलं बंद पडलं की काठाला येण्यापुरतं ते असतं."

"आणि तेही बंद पडलं तर?"

"तर वल्ही आहेत."

"वल्ही तर आत्तापण आहेत गो." आणि खिन्नपणे उठून गेले. त्या दिवशी भाजी करपली. विचार करता करता मीही गोंधळले होते.

शेवटी मी, काका आणि माझी तान्ही मुलगी असे बसने हैफाला गेलो. बंदराजवळच्या दुकानाचा मालक मूळचा जर्मनीचा. पांढरा कोट, खिशात पेन्सिली, आणि प्रत्येक मोटर पुसून लाकडी घोड्यावर टांगलेली. त्याने पहिलाच प्रश्न केला, "तुमच्या नावेची मागची फळी किती उंच आहे?" आखूड दांड्याची मोटर उंच फळीला लावली तर लाटेत पंखा पाण्याबाहेर येऊन नुसता हवेत फिरतो, आणि लांब दांड्याची ठेंगण्या नावेला लावली तर ती काठाशी तळ खरवडते. तेव्हा आधी माप.

काकांकडे माप होतं. ते अभिमानाने म्हणाले, "दोन वीत आणि चार बोटं."

मालकाने काकांचा पंजा टेबलावर पसरून पोलादी पट्टीने मोजला. मोजून कागदावर लिहिणार, एवढ्यात काका म्हणाले, "पण वीत माझी नव्हे. नेसीमची. मला नावेत पाय ठेवायला बंदी आहे, म्हणून त्याने मोजलं."

"मिस्टर नेसीम कुठे आहेत?"

"नावेत."

मालकाने पेन्सिल खिशात ठेवली. आम्ही परतीची बस पकडली. बसमध्ये काका आपला पंजा उघडून बघत होते आणि मधूनच म्हणत होते, "नेसीमचा मोठा आहे. पण किती मोठा?" मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण तोंड उघडलं असतं तर मोठ्या माणसाला बोलायला नको ते बोलले असते.

दुसऱ्या खेपेला माप दोरीला गाठ मारून नेलं. या वेळी काका म्हणाले, आधी गुहेत जाऊन येऊ. हैफाला कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी एलियाहू हनाबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची, गुहा आहे. आम्हा बेने इस्राएल लोकांचा एलियाहू हनाबीवर सगळ्यात जास्त भरवसा. कोकणात असताना काय, इथे काय, अडलं की त्याला हाक मारायची, नवस बोलायचा आणि काम झालं की मलिदा करायचा. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर फळं, दहा पुरुष जमवून त्याचं नाव घ्यायचं. काका गुहेत बराच वेळ डोळे मिटून उभे होते. बाहेर आले तेव्हा तोंड उजळलेलं. "बोललो," म्हणाले. "एलियाहू हनाबी, योग्य ती मोटर हाताला लाव. तुझा मलिदा झाल्याशिवाय तिची चालू करायची दोरी ओढणार नाही."

मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही. नवस म्हणजे असाच असायचा.

दुकानात मापाची दोरी मोजली गेली. लांब दांडा ठरला. आता लांब दांड्याच्या दोन मोटरी होत्या, एक छोटी आणि एक दुप्पट ताकदीची. काका दोघींच्या मधोमध उभे राहिले. एकीवर हात ठेवत, काढत, दुसरीवर ठेवत. "मधली नसते का?" विचारत. मालकाने जेवायची सुट्टी पुढे ढकलली. शेवटी त्याने मोठ्या मोटरवर हळूच कापड घातलं आणि म्हणाला, "ही मी तुम्हाला विकत नाही."

काकांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका मी कधी पाहिली नव्हती. त्यांनी त्या माणसाचा हात धरून पुन्हा पुन्हा दाबला. त्याला वाटलं, हा भारतीय गृहस्थ मोटर मिळाल्याने एवढा खूश झालाय.

आणि मग खरी पंचाईत सुरू झाली. मलिद्याला पोहे हवेत, आणि पोहे त्या वेळी देशात कुठेच मिळत नव्हते. असलेच तर कुणाच्या तरी बरणीत मुंबईहून आणलेले मूठभर. काकूंनी माझगावच्या बहिणीला कळवलं. पार्सल बोटीने येणार, म्हणजे कधी येईल त्याचा नेम नाही. तोवर मोटर वरसोलकरांच्या बाहेरच्या खोलीत, खाटेशेजारी, धुतलेल्या चादरीत गुंडाळलेली. काका रोज ती उघडून पुसायचे. तिच्याबरोबरचं पुस्तक मी त्यांना वाचून मराठीत सांगायचे. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं असतं म्हटल्यावर त्यांना नवी शंका आली, मिसळलं तर नवस मोडेल का? बरीच चर्चा होऊन ठरलं की मिसळण्याला हरकत नाही, नवस दोरी ओढण्याबद्दल आहे. पेट्रोलचा डबा भरून तयार झाला. पोह्यांऐवजी भिजवलेला तांदूळ चालेल का, डब्यातले ओट चालतील का, हेही सगळ्यांना विचारून झालं. निम्मे म्हणाले चालेल.

नेसीम दर शुक्रवारी यायचा, खाटेशेजारच्या चादरीकडे बघायचा. एकदा मला म्हणाला, "एलियाहू हनावी आमचाही आहे. त्याने आमच्याकडे कधी पोहे मागितले नाहीत." पण बेनूचा नेदेर आहे, नवस आहे, आणि नेदेर म्हणजे नेदेर, त्याला तोही हात लावणार नव्हता. त्याने नावेच्या मागच्या फळीला मोटर अडकवायचा कंस ठोकून ठेवला आणि दुरुस्त केलेल्या जुन्या इंजिनावर पहाटे एकटाच जाऊ लागला.

काका घरी. त्यांची दशा बघवत नसे. आमच्या गॅलरीतून सरोवराचा उत्तरेचा भाग दिसायचा, म्हणून सकाळपासून येऊन कठड्याला टेकून उभे राहायचे. नाव गव्हाच्या दाण्याएवढी दिसायची, पण त्यांना ओळखू यायची. "आता जाळं टाकतोय. आता ओढतोय. एकट्याला जड जातं गो ते," असं आपल्याशीच बोलत. वारा सुटायच्या आत ती नाव गावाकडे वळली की मग खाली बसत आणि पाणी मागत.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती वळली नाही.

मी कपडे वाळत घालत होते. काका म्हणाले, "आडवी झाली." मला वाटलं, कोण आडवी झाली? "नाव आडवी झाली. इंजिन चालू असलं की ती वाऱ्याकडे तोंड करते." वारा तर सुटलेलाच होता, माझ्या हातातली चादर उडत होती. पाण्यावर दुसरी नाव नव्हती. त्या वेळेला सगळे कोळी परत येऊन झोपलेले असत, आणि पोलिसांची लाँच आम्ही तासापूर्वी दक्षिणेला जाताना पाहिली होती.

"काय करू?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, पोलिसांना सांगायला कुणाला तरी धाडते. ते घरात पळाले, मुलीला उचलून मी त्यांच्या मागे. काकू भाकरी थापत होत्या. तिथेही तोच प्रश्न, "काय करू?" काकूंचे हात पिठात. त्यांनी चादरीतल्या मोटरकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"मलिदा व्हायचाय," त्या म्हणाल्या. एवढंच.

"हो. तेच तर," काका म्हणाले.

आणि त्यांनी ती मोटर उचलली. पाठ गेलेल्या माणसाने. माझ्या मुलीची ढकलगाडी दारात उभी होती, तिच्यात ती आडवी ठेवली, वर पेट्रोलचा डबा, आणि उतारावरून गाडी घेऊन सुटले. मी मुलीला काकूंच्या हाती दिलं, शेजारच्याला पोलीस चौकीकडे पळवलं आणि स्वतः काकांच्या मागे. धक्क्याशी एक ठेंगणी वल्ह्यांची होडी बांधलेली होती, कुणाची होती तेही आम्हाला माहीत नव्हतं. टाकीत पेट्रोल ओतून मोटर तिच्या फळीला चढवली, पण लांब दांडा काठाशी तळाला घासायला लागला. मग काका वल्ही मारत थोडे आत गेले आणि तिथे मोटर खाली सोडली.

दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. काही नाही. मी काठावरून ओरडले, "काका, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू! तो सैल करा!" पुस्तकात होतं ते. त्यांनी स्क्रू सैल केला. मग, इतक्या घाईतही, त्यांचा उजवा हात वर गेला आणि हवेत दोनदा ओढ देऊन खाली आला. तिसऱ्या खेपेला मोटर धरली. निळा धूर निघाला आणि काका उत्तरेकडे गेले. त्यांना पोहता येत नव्हतं, हे मला त्या क्षणी आठवलं.

त्यानंतरची वेळ कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. काकू खाली आल्या, माझ्या मुलीला मांडीवर घेऊन दगडावर बसल्या. पोलिसांची लाँच दक्षिणेकडून आली आणि समोरून उत्तरेला गेली. आम्ही दोघी त्या बाजूने आवाज येतो का म्हणून कान लावून होतो. त्या दिवशी पलीकडून कुणी गोळी झाडली नाही. का नाही झाडली, ते तेव्हाही कुणाला कळलं नाही.

उन्हं उतरली, वारा पडला, आणि नेसीमची नाव येताना दिसली. मागच्या कंसात ती छोटी मोटर फटफटत होती, तिच्या मागे दोरीने बांधलेली रिकामी होडी, आणि बाजूने लाँच रमतगमत चाललेली. तोवर काठावर गर्दी जमली होती. जो तो विचारत होता, किती जवळ गेला होतात? काका म्हणाले, "माणसं दिसत होती. चेहरे दिसत नव्हते." नेसीमने काकांना नावेतून उतरवलं, पोरासारखं उचलून, आणि जाळी धुवायला बसला. काकूंनी नवऱ्याची पाठ दाबून पाहिली, शर्ट ओला आहे का पाहिलं आणि मग सगळ्यांसमोर त्याच्या छातीवर डोकं टेकलं. आमच्या लोकांत चारचौघांत असं कुणी करत नाही. मला फार बरं वाटलं.

पोहे हिवाळ्यात आले. मलिदा झाला, नेसीम दहातला एक म्हणून बसला आणि त्याने दोनदा मागून खाल्ला. नवस मोडला की नाही यावर मात्र जाणत्यांचं एकमत झालं नाही. जीव वाचवायला सगळं माफ असतं, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. काका ऐकत होते, प्रत्येकाला मान डोलावत होते.

चौसष्टमध्ये माझ्या नवऱ्याला पेताह तिक्वाच्या कारखान्यात काम मिळालं आणि आम्ही त्वेर्या सोडलं. काका बसपर्यंत आले. सामान वर चढवून झाल्यावर माझ्या मनात इतके दिवस होतं ते मी विचारलं.

"काका, एक वांगं निवडताना तुमची संध्याकाळ व्हायची. मग त्या दिवशी एका मिनिटात कसं ठरवलंत?"

काकांना प्रश्नच कळला नव्हता.

"ठरवलं कुठे गो?" ते म्हणाले. "मोटर दोघांची. नवस माझ्या एकट्याचा. मोडला असता तर त्याच्याही अर्ध्या मोटरवर दोष आला असता की. त्याला न विचारता कशी चालू करायची? म्हणून तर गेलो, त्याला विचारायला."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. माझा एक पाय पायरीवर होता.

"मग काय म्हणाला नेसीम?"

"तो काय बोलणार! मला बघून एवढा मोठा माणूस रडायलाच लागला. मग त्या गडबडीत विचारायचं राहून गेलं."

"मग आता विचारा की!"

काकांचा चेहरा एकदम उतरला. बस हलली तेव्हा ते खिडकीला धरून दोन पावलं चालत आले. हळू आवाजात, नेसीम कुठे जवळपास नाही ना ते बघून, म्हणाले, "आता? आणि तो नको म्हणाला तर?"